पोपडे, तडे आणि चार कडा: जुन्या वास्तूंची अमूर्त कृष्णधवल छायाचित्रं कशी काढावीत

जुन्या इमारतीचा फोटो काढणं हे एक काम आणि तिच्या झिजेतून चित्र उभं करणं हे दुसरं. पहिल्या फोटोत इमारत ओळखू आली पाहिजे. दार कुठे, खिडकी कुठे, छप्पर किती खचलंय हे दिसलं पाहिजे. दुसऱ्यात हे सगळं बाजूला पडतं आणि आकार, रेषा, पोत आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा उरतात. बघणाऱ्याला आधी चित्र दिसतं, ते भिंतीचं आहे हे मागाहून कळतं. कधी कळतही नाही आणि त्यानं काही बिघडत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या कामासाठी आहे. कॅमेरा हाती येऊन थोडेच दिवस झालेत, कृष्णधवल आवडतं, पडक्या भिंतीपाशी पाय थबकतात, पण घरी येऊन बघितलं तर फोटोत नुसती खराब झालेली भिंत दिसते, अशा मंडळींसाठी. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवते. इथे चित्राचा बराचसा भाग ऊन, पाऊस, गंज आणि क्षार यांनी वर्षानुवर्षं काढून ठेवलेला असतो. आपल्या हाती चौकटीच्या, म्हणजे फोटोत येणाऱ्या भागाच्या, चार कडा आणि उजेडाची वेळ एवढंच असतं. बाकीचं तंत्र या दोन निर्णयांना मदत करण्यापुरतं शिकायचं.

आधी काही चित्रं नीट बघा

कॅमेरा उचलण्याआधी एक संध्याकाळ बघण्यात घालवा. सुरुवात ॲरन सिस्किंड (१९०३–१९९१) यांच्यापासून करावी. न्यूयॉर्कमध्ये सामाजिक विषयांवरचं माहितीपर छायाचित्रण करता करता ते १९४०च्या दशकात भिंतींकडे वळले. उडालेला रंग, फाटलेली पोस्टरं, डांबराचे फराटे एवढाच त्यांचा ऐवज. १९४९ साली ॲरिझोनातल्या जेरोम या गावी त्यांनी पोपडे सुटलेल्या रंगाचं छायाचित्र काढलं, ते शोधून बघा. त्यात आकाश नाही, जमीन नाही, भिंत किती उंच याचा पत्ता नाही. काळे-पांढरे आकार एकमेकांना भिडलेत आणि सगळे एकाच पातळीवर, कागदाच्या पृष्ठभागावर राहिलेत. न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांशी त्यांची मैत्री होती, हे त्या चित्रांकडे बघून सहज पटतं.

त्याच्या कितीतरी आधी, १९१६ साली, पॉल स्ट्रँड यांनी घराच्या ओसरीवर पडलेल्या कठड्याच्या सावल्या आणि एक गोल टेबल एवढ्यातून अमूर्त छायाचित्र केलं होतं. ब्रासाय यांनी १९३०च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवरचे ओरखडे आणि कोरलेले चेहरे टिपले. मायनर व्हाइट यांचं १९५९चं रॉचेस्टरमधलं पोपड्यांचं छायाचित्रही पाहून घ्या. आणि ल्युसियाँ एर्वे (१९१०–२००७) यांना विसरू नका. १९४९पासून ते वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींचं छायाचित्रण करत होते. त्या इमारती नव्या होत्या, झिजलेल्या नव्हत्या. तरी चौकट किती बेधडक कापता येते हे एर्वे यांच्याकडूनच शिकावं. ते आपल्या प्रिंट सरळ कात्रीनं कापून हव्या त्या आकाराच्या करत.

नुसतं बघून मनात फारसं राहत नाही, म्हणून हात चालवा. एक चित्र निवडा आणि त्यातले मोठे तीन-चार आकार तेवढे कागदावर पेन्सिलीनं काढा. बारकावे नकोत. कुठला आकार कुठल्या कडेला टेकतो, कुठला कडेबाहेर निघून जातो, मोकळी जागा कुठे आहे, हे काढताना आपोआप कळतं. अशी पाच-सहा चित्रं काढलीत की भिंतीसमोर उभं राहिल्यावर डोळा वेगळं शोधायला लागतो.

पहिली पायरी: झीज वाचा

भिंत कशी बिघडली हे समजलं की चित्र कुठे सापडेल याचा अंदाज येतो. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच घाईत वगळला जातो.

लाकडावरच्या तेलरंगाचं उदाहरण घ्या. वर्षं जातात तसा रंगाचा थर कडक होत जातो. खालचं लाकूड मात्र ओलीनं फुगतं, कोरडं पडलं की आकसतं. कडक थराला ही हालचाल सोसत नाही. तो तडकतो, तड्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि पोपडा सुटतो. दाराच्या खालच्या भागावर पावसाचं पाणी उडतं, म्हणून तिथे पोपड्यांची दाटी होते. वर, छज्जाच्या आडोशाला, रंग बराच शाबूत राहतो. म्हणजे एकाच दारावर वरून खाली येताना शांत भागाकडून गजबजलेल्या भागाकडे प्रवास होतो. चौकट कुठे लावायची याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

रंग पुरता निघून गेला की लाकूड उघडं पडतं. लाकडातल्या लिग्निन या घटकाचं उन्हातल्या अतिनील किरणांनी विघटन होतं, पाऊस तो धुऊन नेतो आणि फळी रुपेरी करडी होते. वाढीच्या वलयांतला मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग मागे राहतो. त्यामुळे जुन्या फळीवर शिरा वर आलेल्या दिसतात. बोट फिरवलं तर त्या हाताला लागतात. जे हाताला लागतं ते बाजूच्या उजेडात फोटोत उतरतं.

काँक्रीटची तऱ्हा निराळी. आतल्या सळईला गंज चढला की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. आतून दाब येतो आणि काँक्रीट सळईच्या रेषेत फुटतं. म्हणून तिथले तडे पुष्कळदा सरळ आणि समांतर असतात. विटांच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वर चढतं आणि सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते गिलाव्याला आतून फोडतात. भिंतीला लोणा लागलाय असं आपण म्हणतो, ते हेच. ओलीच्या वरच्या टोकाला जी लहरत गेलेली रेघ असते, ती पुष्कळ वेळा त्या भिंतीवरची सर्वांत सुंदर रेघ असते.

आता या सगळ्या खुणांचे दोन गट करा. काही खुणा डागांच्या असतात. गंजाचे ओघळ, काजळी, ओल, शेवाळ, क्षारांचा पांढरेपणा, इथे पृष्ठभाग सपाटच राहतो, बदलते ती छटा. दुसऱ्या खुणा उंच-सखलपणाच्या. पोपडे, तडे, लाकडाच्या शिरा, विटांचे झिजलेले सांधे. भिंतीसमोर उभं राहिलात की पहिला प्रश्न हा विचारा: मला इथे डाग आवडलाय की उंचवटा? कारण दोघांना लागणारा उजेड अगदी उलट आहे.

दुसरी पायरी: उजेडाची वेळ ठरवा

उंचवट्याला भिंत घासत जाणारा उजेड हवा. थोडा हिशेब करू. पोपड्याची कड भिंतीपासून २ मिमी वर आली आहे. ऊन भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर सावली २ मिमी पडेल. तेच ऊन १० अंशांवर आलं की सावली ११ मिमीच्या पुढे जाते. पोपडा तोच, भिंत तीच, पण आता प्रत्येक पोपड्याला एक काळी रेघ मिळाली. मघाशी जी भिंत सपाट आणि निर्जीव वाटत होती तिच्यात चित्र दिसू लागतं. हा कोन फार वेळ टिकत नाही, म्हणून आधी जाऊन भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघून ठेवावं. फोनमधलं होकायंत्र पुरतं.

उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन आलंच, तर बाजूनं घासून येण्याची वेळ साधारण सकाळी किंवा संध्याकाळी सापडते. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळी ऊन थेट समोरून पडतं आणि सगळं सपाट करून टाकतं. पण मध्यान्ह जवळ येते तसं तेच ऊन भिंतीला समांतर होत जातं. पश्चिमेकडच्या भिंतीवर मध्यान्ह उलटल्यावर हेच सुरू होतं. भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये हा सल्ला निसर्गदृश्यांसाठी असेल. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतींसाठी दुपार ही कामाची वेळ आहे.

उजेड कुठून येतो यावर कुठल्या रेघा उठून दिसतील हेही ठरतं. वरून उतरणारा उजेड आडव्या गोष्टी दाखवतो, म्हणजे विटांच्या ओळी, आडवे तडे, पोपड्यांच्या वरच्या-खालच्या कडा. बाजूनं येणारा उजेड उभ्या फळ्यांच्या शिरा दाखवतो. उभ्या शिरांच्या दारावर वरून ऊन उतरत असेल तर शिरा जवळपास नाहीशा होतात. तेव्हा दुसरी वेळ बघायची.

डागांसाठी मात्र ढगाळ दिवस उत्तम. सावल्या नसल्या की डाग आणि भिंत यांच्यातला फरक निखळ दिसतो. ऊन असलंच तर पूर्ण सावलीतली भिंत निवडा. पाऊस थांबल्यानंतरचा वेळही दवडू नका. पाणी मुरलेला भाग गडद होतो आणि भिंत एकसारखी वाळत नाही. अर्धी ओली, अर्धी कोरडी भिंत असते तेव्हा एरवी न दिसणारे मोठे आकार तासाभरासाठी उमटतात.

तिसरी पायरी: रंग बाजूला ठेवा

डोळ्याला रंगाचा मोह पडतो. निळ्या दारावर तांबूस गंज फार देखणा दिसतो, पण कृष्णधवलमध्ये दोघांची छटा एकच निघाली तर ओघळ गायब! म्हणून कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती) नोंदवायची आणि स्क्रीनवरचं दृश्य कृष्णधवल ठेवायचं, अशी जोडी लावा. मोनोक्रोम पद्धत निवडली तरी रॉ फाइलमध्ये रंगाची सगळी माहिती शाबूत राहते आणि पुढे तिचा फार उपयोग होतो. बहुतेक कॅमेऱ्यांत आणि बऱ्याच फोनच्या ॲपमध्ये ही सोय असते.

कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी डोळे किलकिले करून भिंतीकडे बघा. बारकावे विरघळतात आणि गडद, मध्यम, उजळ असे तीन थर दिसतात. ते तीन थर चांगले मांडले गेले असतील तरच पुढे जा. पोत कितीही मोहक असला तरी तो मोठ्या आकारांच्या वरचा साज आहे. आकारच ढिला असेल तर पोतानं चित्र सावरत नाही.

साधनांबद्दल थोडक्यात

महागडं काही लागत नाही. ५० ते १०० मिमीच्या दरम्यानची लेन्स सोयीची, कारण तेवढ्या अंतरावरून भिंतीचा छोटा तुकडा सरळ पकडता येतो. फोन असेल तर दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी वेगळी लेन्स वापरा. डिजिटल झूमनं मात्र पोताचा चिखल होतो. ट्रायपॉड असेल तर घ्या. त्याचा मोठा फायदा असा की हालचाल मंदावते आणि चौकटीत बोटभर इकडे-तिकडे करून बघता येतं.

कॅमेरा भिंतीला समांतर धरा. तिरका धरला की एक बाजू दूर जाते, खोली तयार होते आणि बघणाऱ्याला पुन्हा 'भिंत' दिसायला लागते. विटांचा सांधा किंवा फळीची कड चौकटीच्या कडेशी समांतर आहे का ते दोन्ही बाजूंना ताडून बघा. समांतर धरल्यावर तीक्ष्णतेची काळजीही कमी होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १०० मिमीची लेन्स लावून १ मीटरवरून एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तसं छिद्र लहान) ठेवलं, तर साधारण ४ सेंमी खोलीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. पोपड्यांना तेवढं भरपूर झालं. एफ/१६च्या पलीकडे जाऊ नका, प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरतो) बारीक पोत मऊ पडू लागतो. आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, १००-२०० ठेवा.

पोलरायझर फिल्टरविषयी विचारलं जातं. भिंतीकडे तिरकं बघत असाल आणि ती ओली किंवा चकचकीत असेल, तर तो चमक कापतो. सरळ समोरून बघताना त्याचा जवळपास काही उपयोग होत नाही. आपण बहुतांशी समोरूनच बघणार आहोत.

चौथी पायरी: चार कडा

आता खरं काम. एक दार डोळ्यांसमोर आणा. दोन उभ्या फळ्या, निळा रंग, मध्ये काळी फट. डाव्या फळीवर वर लोखंडी बिजागरी, तिच्याखाली गंजाचा ओघळ थेट खालपर्यंत गेलेला. उजव्या फळीवर रंगाचा मोठा पापुद्रा निघून खालचं करडं लाकूड उघडं पडलेलं. ऊन डावीकडून घासून येतंय.

पहिली चौकट सगळ्यांची सारखीच असते: पूर्ण दार. तो फोटो एकदाचा काढून घ्या, म्हणजे मन मोकळं होईल. मग जवळ या. बिजागरी चौकटीत असेपर्यंत डोळा तिलाच चिकटतो, कारण ती ओळखीची वस्तू आहे आणि तिच्यावरून दाराचं मापही कळतं. कॅमेरा थोडा खाली घ्या, इतका की बिजागरी वरच्या कडेबाहेर जाईल. आता ओघळ वरच्या कडेतून आत शिरतो. तो कुठून आला हे दिसत नाही आणि तो ओघळ न राहता एक रेघ होतो. वरून दाट, खाली विरत जाणारी. बिजागरी काढल्यानं चित्रातून काही गेलं नाही, उलट रेघ स्वतंत्र झाली.

काळी फट अजून चौकटीच्या मधोमध आहे आणि चित्राचे दोन सारखे तुकडे करते आहे. दोन पावलं उजवीकडे सरका. फट डाव्या कडेपासून चौकटीच्या चौथाईवर आली की गंजाची रेघ आणि फट यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा राहतो आणि उजवीकडे मोठं मैदान मोकळं होतं. तिकडे उघड्या लाकडाचा करडा आकार आहे. तो चारही बाजूंनी निळ्या रंगानं वेढलेला असेपर्यंत एखाद्या बेटासारखा दिसतो आणि बघणारा लगेच त्यात नकाशा किंवा प्राणी शोधू लागतो. आणखी थोडं जवळ जा आणि तो आकार उजव्या कडेबाहेर जाऊ द्या. आता तो वस्तू उरत नाही. गडद क्षेत्राला भिडलेलं उजळ क्षेत्र होतो आणि दोघांच्या मधली दातेरी सीमा हा चित्राचा विषय बनतो.

शटर दाबण्याआधी नजर फक्त कडांवरून फिरवा, एका कोपऱ्यातून निघून चारही बाजूंनी परत तिथे. आत बघू नका. खाली उजव्या कोपऱ्यात एक बारका पांढरा टवका आहे का? असेल तर तो सगळी नजर ओढून बाहेर नेईल. बोटभर वर सरका. एखाद्या पोपड्याचं टोक कडेला नुसतं टेकतंय का? एक तर तो स्पष्ट कापा, नाही तर कडेपासून मोकळं अंतर ठेवा. नुसतं टेकलेलं टोक चुकून राहिल्यासारखं दिसतं. नवशिक्यांची जितकी छायाचित्रं मी पाहिली आहेत, त्यातली बहुतेक आत सुंदर असूनही कडांवर फसलेली असतात.

मापाच्या खुणांबद्दलही इथेच सांगायला हवं. खिळा, कडी, स्विच, गवताची काडी, विटेची पूर्ण उंची, यांतली एक जरी गोष्ट आत राहिली तरी तुकडा केवढा आहे ते कळतं. ती काढली की ४० सेंमीचा तुकडा आकाशातून पाहिलेली जमीनही वाटू शकतो. पण प्रत्येक वेळी काढलीच पाहिजे असं नाही. एखादा खिळा ठेवून बघणाऱ्याला धक्का देता येतो, एवढं मोठं वाटणारं चित्र तळहाताएवढं आहे असा. मात्र तो ठरवून ठेवलेला असावा. अक्षरांशी अधिक जपून वागा. वाचता येणारा एक शब्दसुद्धा सगळं चित्र आपल्या अर्थाकडे खेचतो. फाटलेल्या पोस्टरवरचं अक्षर अर्धं कापलंत किंवा त्याचा एखादाच फराटा ठेवलात, तर ते पुन्हा आकार म्हणून वापरता येतं.

एक विनंती. चौकट जुळावी म्हणून पोपडा हातानं सोलू नका, तडा वाढवू नका. ती भिंत दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि हातानं सोललेल्या रंगाची कड ताजी आणि एकसारखी दिसते. फोटोतही ते लपत नाही.

सुरक्षिततेचं तेवढं गांभीर्यानं घ्या. खासगी जागेत परवानगी घेऊन जा. कुजलेल्या जमिनीवर आणि लटकत्या सज्जाखाली उभं राहू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या पन्हळी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणून धूळ उडत असेल तिथे श्वास धरून काम करण्यापेक्षा सरळ बाहेर या. पडक्या इमारतीत एकट्यानं जाऊ नये.

पाचवी पायरी: एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करडं असावं असं धरून चालतो. चुन्याची पांढरी भिंत दाखवली तर तो तिला करडी करतो, डांबर फासलेली फळी दाखवली तर तीही करडी. म्हणून पांढऱ्या भिंतीला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्या आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत छटा किती आहेत ते दाखवणारा आलेख) बघून आणखी वाढवता येतं का ते ठरवा. गडद पृष्ठभागाला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. घासून येणाऱ्या उन्हात पोपड्यांच्या उजळ कडा सर्वांत आधी फटफटीत पांढऱ्या होतात, तेव्हा हिस्टोग्राम आलेखाच्या उजव्या कडेला आपटत नाही ना, एवढं पाहा.

यासाठी ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत समजून घेणं फार उपयोगी पडतं. पूर्ण काळ्यासाठी ० आणि पूर्ण पांढऱ्यासाठी १०, अशा ११ पट्ट्या. दोन शेजारच्या पट्ट्यांत एका स्टॉपचं अंतर. ५ म्हणजे मध्यम करडा, ३ म्हणजे पोत दिसेल असा गडद भाग, ७ म्हणजे पोत दिसेल असा उजळ भाग. भिंतीसमोर उभं राहून स्वतःलाच सांगायचं: हा चुना मला ७वर हवा, ही फट ०वर गेली तरी चालेल, हे लाकूड ५वर. ते ठरलं की एक्स्पोजर ठरलं.

सहावी पायरी: रंगातून छटा काढणं

संगणकावर आता त्या निळ्या दाराकडे परत या. रॉ फाइलमध्ये रंग आहेत, त्यामुळे प्रत्येक रंग किती उजळ छापायचा हे ठरवता येतं. फोटो सुधारण्याच्या ॲपमधला नारिंगी-लाल स्लायडर (सरकपट्टी) वर आणि निळा खाली नेला की गंज उजळतो आणि दार गडद होतं. रेघ पांढरी, पार्श्वभूमी काळी. उलट केलं तर काळी रेघ उजळ भूमीवर. फिल्मच्या दिवसांत लेन्सवर लाल किंवा निळा फिल्टर लावून हेच साधत. मुळात एकाच दाराची ही दोन वेगळी चित्रं आहेत. दोन्ही करून बघा आणि एकच ठेवा.

स्लायडर शेवटपर्यंत ओढू नका. निळा फार खाली नेला की गडद भागात दाणे उसळतात आणि रंगांच्या सीमेवर पांढरट कडा दिसू लागतात. जेपेगमध्ये हे आणखी लवकर होतं, कारण तिथे प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात.

यानंतर सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा बिंदू लावा. आणि मग थांबा. क्लॅरिटी, म्हणजे मधल्या छटांतला फरक तीव्र करणारा स्लायडर, वाढवायचा मोह होतो, कारण पोत क्षणात कडकडीत दिसतो. पण सगळीकडे सारखाच कडक पोत असला तर नजरेला टेकायला जागा उरत नाही. माझ्या मते या प्रकारातली निम्मी छायाचित्रं याच एका स्लायडरनं मारली जातात. त्याऐवजी ब्रशनं ठराविक भाग थोडा गडद किंवा थोडा उजळ करा. ज्या सीमेवर नजर थांबायला हवी तिथला फरक वाढवा, कोपऱ्यांतला कमी करा. करड्याच्या मधल्या छटा जपा. निव्वळ काळं-पांढरं चित्र लांबून जोरकस वाटतं, पण ओलीच्या डागातली हळूहळू बदलत जाणारी छटा त्यात मरते.

सातवी पायरी: फिरवून बघा

अमूर्त छायाचित्राला वर-खाली असण्याची सक्ती नाही. एकदा ९० अंशांत, एकदा १८० अंशांत फिरवून बघाच. १८० अंशांत एक विलक्षण गोष्ट घडते. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. वरून उजेड पडलेला पोपड्यांचा फोटो उलटा केला की उजेड खालून येतो, आणि मेंदू ते मान्य न करता उंचवट्यांना खड्डे समजू लागतो. वर आलेले पोपडे आत दबलेले दिसतात. भिंत ओळखू येण्याची जी शेवटची खूण उरली होती, तीही बऱ्याचदा जाते.

उलटं बघण्याचा दुसरा उपयोग तपासणीचा. उलट्या चित्रात विषय विसरला जातो आणि वजन कुठे कलतंय ते दिसतं. मग चित्र टपाल तिकिटाएवढं लहान करून बघा. त्या आकारात तीन-चार मुख्य आकार टिकले तर चित्र भक्कम आहे. नुसता करडा गोंधळ दिसला तर चौकटीत फार काही कोंबलं गेलंय. क्रॉप करा किंवा त्या भिंतीपाशी पुन्हा जा. निवड त्याच रात्री करू नये. काढतानाचा उत्साह आठवणीत असतो तोवर सगळंच चांगलं वाटतं. काही दिवस जाऊ द्या.

प्रिंट आणि नाव

चार-पाच चित्रं जमली की छापून घ्या. मॅट कागदावर काळा जरा सौम्य उतरतो, पण लाकूड आणि चुना यांचा पोत त्यावर खुलतो. ग्लॉसीवर काळा खोल येतो, ओल्या आणि गंजक्या पत्र्यांना तो शोभतो. आधी लहान चाचणी प्रिंट काढा. उजळ स्क्रीनवर बघून केलेलं चित्र कागदावर हमखास गडद येतं.

नाव देताना 'वादळ', 'एकाकी', 'काळाचा चेहरा' अशी नावं टाळा. ती बघणाऱ्याला आधीच सांगून टाकतात की काय दिसायला हवं. सिस्किंड यांची बरीच छायाचित्रं गावाचं नाव, एखादा क्रमांक आणि साल एवढ्यावर भागवतात. 'शिकागो ३०, १९४९' हे त्यातलंच एक. तशीच सोपी पद्धत ठेवा. प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं भिंतीची दिशा, महिना आणि वेळ लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच उजेडात त्याच भिंतीसमोर उभं राहायचं असेल तर ही नोंदच कामी येते, आणि तोवर पोपड्यांची रचना बदललेली असते.